मापाला दिलेलं पोलकं

दुकानदारानं अस्तराचे दोन-तीन तुकडे फळीवर टाकले होते. त्यातला कोणता आपल्या जांभळ्या ब्लाउजपीसला जुळतो ते कुंदा उजेडाकडे धरून बघत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या पाठीवर, गळ्याच्या चौकोनात, आख्खा तळवा टेकवला. गार, खरखरीत तळवा. त्यात संकोच म्हणून नव्हता. जुन्या ओळखीच्या पाठीवरच असा हात पडतो. ‘इंदे! काय वं, कितला वरीस व्हयनात!’ कुंदा वळली. साठीची एक बाई होती, काठापदराचं लुगडं, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुंदाचा चेहरा बघून लगेच गेलं नाही. घर चुकलेला पाहुणा उंबऱ्यात घोटाळतो तसं ते थोडा वेळ तिथंच घोटाळलं, मग हळूहळू विझलं.

‘तू इंदी नही?’

‘नाही.’

‘पाठ तं तीच शे. गळा तोच. बठ्ठं तेच शे.’ बाईनं हात अजून पुरता काढला नव्हता. ‘देवपूरले दिलेल व्हती ना इंदी, देवचंद मास्तरकडे? मी कलाबाई. दोंडाईचानी. तिना मायना शेजारनी.’

पाचकंदिलाच्या बाजाराची गर्दी दोघींच्या बाजूनं वाहत होती. दुकानदार तुकडे आवरू की नको अशा बेतानं बघत होता. कलाबाई लेकाबरोबर सुरतेला गेली होती, गिरणीच्या कामाला, आणि आता कुठं परत आली होती. मधल्या काळात मागं काय काय घडलं ते तिला कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे ते आता कुंदानं सांगायचं होतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाला सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ज्याला त्याला ती आधीच ठाऊक असायची आणि कुंदाकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत असायची. ‘त्या वारल्या,’ ती म्हणाली. ‘दहा वर्षं झाली. कावीळ झाली होती.’ कलाबाईनं तोंडावर पदर धरला. गल्लीतच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती आवाज न करता रडली. कुंदा ब्लाउजपीस हातात घट्ट धरून उभी राहिली. आपणही रडायला हवं होतं का, हे तिला कळेना. डोळे पुसून कलाबाईनं विचारलं, ‘आनि तू कोन वं?’

‘मी... त्यांच्याच घरातली.’

कलाबाईनं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं आणि मान हलवली. समजलं, पण त्याबद्दल काही बोलायचं नाही, अशी. ‘तिनी आंडेर व्हती ना धाकली?’

‘आहे. मोठी झाली. नववीत आहे.’

‘कोनासारखी दिसस?’

ती नुसती हसली, खांद्यावरून सरकलेलं पोलकं डाव्या हातानं वर ओढलं, जयभीम घातला आणि अस्तर न घेताच चालू लागली.

पुलापर्यंत ती भराभर चालली. एरवी ती देवपूरला जाणारी रिक्षा बघायची, पण आज कुणाच्या मांडीला मांडी लावून बसणं तिला जमलं नसतं. पाठीवर तो तळवा अजून होता. डिसेंबरचं ऊन होतं, खाली पांझरेत पाण्यापेक्षा गोटे जास्त होते, आणि त्या गोट्यांवर कुणीकुणी धुतलेले कपडे वाळत घातले होते: चादरी, सदरे, परकर, बाह्या पसरलेलं एक लाल पोलकं. रिकामं पोलकं पालथं पडलं की कुणाचंही असतं. कुंदानं नजर काढून घेतली. तिला एकाएकी आपली पाठ बघावीशी वाटली. आरशात माणसाला आपला चेहरा दिसतो, फार तर कमरेपर्यंतचं अंग दिसतं. पण पाठ सगळ्या जगाला दिसते आणि ज्याची त्यालाच दिसत नाही. नऊ वर्षं ती या पुलावरून कचेरीत जात होती, आणि नऊ वर्षं तिच्या मागून येणाऱ्यांना इंदिराची पाठ दिसत होती की काय? देवचंदलासुद्धा? सकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी असे, तो चहा पीत मागं बसलेला असे. त्याला कोण दिसत होतं?

लपवलेलं असं यात काहीच नव्हतं, आणि हेच तिला जास्त बोचत होतं. तिला सगळं ठाऊक होतं. लग्नात इकडून शिवून आलेली पाच पोलकी तिनं पहिल्यांदा अंगात घातली तेव्हाच तिला कळलं होतं, की हे कुणाच्या तरी मापानं शिवलंय आणि ती कुणीतरी आपण नाही. खांदे रुंद, कुंदाच्या उतरत्या खांद्यांवरून घसरणारे. छातीत मोकळं. पण मुंढा आणि बाही घट्ट, कारण तिचे दंड भरलेले. लहानपणी अमळनेरला गल्लीच्या टोकाच्या हापशावरून पाणी ओढून झालेले. आणि मागं तो चौकोनी गळा, बारीक पायपिंगचा, जो तिनं स्वतःहून कधी सांगितला नसता. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी इंदिराचा फोटो होता. त्यात ती थेट समोर बघत होती, ताठ, रुंद खांद्यांची, पोहणाऱ्या माणसासारखी. कुंदानं पहिल्या दिवशी तो फोटो बघितला, पोलक्याचा खांदा वर ओढला आणि ती स्वयंपाकघरात गेली. पुढं नवीन पोलकी शिवायची वेळ आली तेव्हा सासू झुंबरबाई म्हणाली, ‘लोटन शिंपीले मापाले एक दी टाक.’ तिनं त्या पाचांतलंच एक दिलं. लोटननं त्यावरून बेतलं. ते विटलं तेव्हा त्यावरून शिवलेलं एक मापाला गेलं. लोटनला विचारायचं कारण नव्हतं आणि बायकांच्या अंगाला फीत लावायचा त्याच्याकडे रिवाज नव्हता. सगळ्याच घरांतून पिशवीत घडी करून एक जुनं पोलकं यायचं. ज्यावरून ती पाच बेतली ते मूळचं पहिलं, इंदिराच्या अंगातलं, मात्र चांगल्या कापडाचं होतं, विटलं नाही, आणि अलीकडं पुन्हा तेच मापाला जायला लागलं होतं.

एकदाच, फक्त एकदाच, तिला त्या मापाचं पोलकं नीट बसलं होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा. छाती भरून आली, पोलक्यातली ती रिकामी जागा भरली, अंगही जरा रुंदावलं. एका सकाळी हुक लावताना तिच्या लक्षात आलं की आज खांदा घसरत नाहीये. ती आरशासमोर उभी राहिली आणि तिला फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. कुठं तरी पोचल्यासारखं. नंतर ते मूल राहिलं नाही. दवाखान्यातून आल्यावर थोड्या दिवसांनी तिनं तेच पोलकं घातलं आणि ते पुन्हा तिच्या अंगावर मोकळं पडलं. तेव्हा ती रडली होती ते कशासाठी, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून कळण्यासारखं नव्हतं. पोलक्यासाठी कुणी रडतं का?

सवयी लागल्या. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ती टायपिस्ट होती. दिवसभर हात पुढं धरायचे, त्यामुळं मुंढा काखेत रुतायचा आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी तिथं लाल वळ दिसायचा. पदराखाली शेवटचा हुक ती उघडाच ठेवायची. आणि दर थोड्या वेळानं डावा हात उजव्या खांद्याकडं जायचा, चिमटीत कापड धरून वर. एका गॅदरिंगला कचेरीतल्या एका पोरीनं सगळ्यांच्या नकला केल्या. साहेबांची केली, शिपायाची केली आणि मग काही न बोलता नुसती उभी राहून डाव्या हातानं उजवा खांदा वर ओढला. सगळे हसले. कुंदाही हसली, हसताना तिनं खांदा ओढला, आणि लोक आणखी हसले.

तिला कधी तरी नीट बसणारं असं काही मिळालं होतं का? ती आठवू लागली. अमळनेरला वडील वनस्पती तुपाच्या मिलमध्ये होते, घरात चार पोरं. आई, पार्वताबाई, सगळं वाढत्या अंगाचं शिवायची. फ्रॉक घोट्यापर्यंत, बाह्या कोपराखाली, आत दुमडून ठेवलेलं चार बोटं कापड, दर वर्षी थोडं थोडं उसवून सोडायचं. तो फ्रॉक खरोखर बसायचा तोवर त्याचा रंग उडालेला असायचा आणि तो धाकटीकडं जायचा. शाळेत ती कायम आपल्यापेक्षा मोठ्या कुणाच्या तरी आत राहत असल्यासारखी चालायची. आणि वाढत्या अंगाच्या कपड्यांतून ती निघाली ती थेट दुसरीच्या अंगाच्या कपड्यांत आली. मधे तिचं स्वतःचं असं अंग कधी होतं? चौकातल्या दुकानात ती पहिल्यांदा बॉडी घ्यायला गेली तेव्हा दुकानदारानं न बघता विचारलं, ‘साईज?’ पुढच्या बाईनं जो आकडा सांगितला होता तोच तिनं सांगून टाकला. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती घरी नेऊन बघितली तेव्हा बसली नाही. पण परत करायला जायचं म्हणजे आपलं माप चुकलं हे एका परक्या पुरुषाला सांगायचं. तिनं आतून टाके घातले. टाके घालण्यात ती हुशार होती.

पूल ओलांडून ती गल्लीत शिरली तोवर तिनं मनाशी भांडण रचून ठेवलं होतं. सासूशी. त्या बाईनं ठरवून केलं, असं तिला आता वाटू लागलं होतं. घरातली जागा रिकामी झाली, मग त्याच मापाची दुसरी आणायची, आणि मापाची नसली तर तिला त्या मापात कोंबायची. नऊ वर्षं हे कधी मनात आलं नाही असं नाही. आलं की ती ते दुमडून आत ठेवायची. आज कलाबाईच्या तळव्यानं ती सगळी शिवण उसवली होती. काय बोलायचं, पहिलं वाक्य कोणतं, हे ती चालता चालता ओठांत घोळवत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. झुंबरबाई ओसरीत उन्हाला पाय देऊन बसली होती, तूर निवडत. कुंदा चपला काढून आत गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

आतल्या खोलीत आरशासमोर इंदिरा उभी होती.

पाठमोरी. चौकोनी गळा, त्यावर वर बांधलेले केस, रुंद ताठ खांदे. पोलकं त्या खांद्यांवर असं बसलं होतं की कुठं सुरकुती नाही, कुठं ताण नाही. शिवण जिथं संपायला हवी तिथं खांदा संपत होता. मग त्या आकृतीनं मान वळवली आणि ती उत्पला होती, साडीच्या निऱ्या एका हातात कशाबशा धरलेली, तोंडात पिन.

‘आई, बघ ना,’ ती पिन काढून म्हणाली. ‘गॅदरिंगच्या नाचाला सगळ्यांनी साडी नेसायचीय. मी म्हटलं तुझं एखादं ब्लाउज बघावं. तुझी बाकीची मला बसत नाहीत, दंडात ढगळ. तू बाह्या उसवल्यात ना त्यांच्या. हे मात्र बसलं. पिशवीत होतं, शिंप्याच्या. तुझं जुनं आहे का?’

छातीत ते अजून जरा सैल होतं. एखाद्या वर्षाचं काम. पण बाकी सगळं तिचं होतं. चारपाच वर्षांची होती तेव्हापासून ही पोर कुंदानं न्हाऊ घातली होती, तिच्या वेण्या घातल्या होत्या, तापात मांडीवर घेतली होती. पोटऱ्या, कोपर, मानेवरचा तीळ, सगळं तिला पाठ होतं. आणि ही पाठ केव्हा झाली ते तिला दिसलंच नाही? कोनासारखी दिसस, असं मघाशी कलाबाईनं विचारलं होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. ‘हो, जुनंय माझं,’ एवढं म्हटलं असतं तर मुलीनं ते घालून नाच केला असता, आणि पोलकं पुन्हा पिशवीत पडलं असतं. कुंदानं पलंगाच्या कडेवर बसून घेतलं.

‘माझं नाही ते,’ ती म्हणाली. ‘तुझ्या इंदिराआईचं आहे.’

उत्पला आरशातूनच तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच तिनं स्वतःकडे बघितलं. दोन्ही हात तिनं खांद्यांवर ठेवले, एकमेकांवरून, जणू आत कुणीतरी आहे आणि ते हलेल. ‘तिचं? तिनं घातलेलं?’

‘हो.’

‘मग ते शिंप्याच्या पिशवीत कसं?’

‘मापाला देते मी.’

‘तुझ्या मापाला?’ मुलगी वळली. निऱ्या सुटून पायांवर पडल्या. ‘पण तुला हे बसतच नाही. तू सारखी खांदा ओढतेस. मला वाटायचं शिंपी वाईट आहे.’ तिला पुढं काहीतरी म्हणायचं होतं, तिच्या भुवया गोळा झाल्या होत्या. पण तिनं विचारलं ते वेगळंच. ‘हे मी ठेवू?’

‘ठेव की. तुझंच आहे.’

‘मग तू मापाला काय देशील?’

कुंदा उठून ओसरीत आली. भांडणाचं पहिलं वाक्य कुठंतरी पडलं होतं, ते शोधत ती सासूसमोर उभी राहिली. झुंबरबाईनं सुपातून मान वर केली. ‘उनी का? चहा ठेव जराशी.’

‘आत्या, माझ्या लग्नात पोलकी कुणाच्या मापानं शिवली होती?’

म्हातारीचे हात थांबले नाहीत. ‘इंदीना. आनखी कोनाना?’

‘का?’

‘का म्हंजे? तुनं माप कोठे व्हतं मनाकडे?’ झुंबरबाईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, राग नव्हता. ‘मी तुन्या मायले निरोप धाडेल व्हता. पोरनं एक पोलकं धाडा मापाले, म्हनं. ती म्हने, माप कसाले पाहिजे, तुमनाकडे जे व्हई त्यावरथून शिवा. पोर निभाडी ली.’

कुंदा खांबाला टेकली. निभाडी ली. निभावून घेईल. हे शब्द झुंबरबाईचे नव्हतेच. ते ज्या तोंडून निघाले तो सूर कुंदाला लगेच ऐकू आला. आई तो प्रत्येक गोष्टीला लावायची: वह्या कमी आल्या, चप्पल लहान झाली, भाकरी पुरली नाही. कुंदा निभावून घेईल.

‘मंग मी काय करू?’ झुंबरबाई म्हणत होती. ‘पेटीमा इंदीनं पोलकं व्हतं, ते दिनं शिंपीले. मन व्हयनं नही, तरी दिनं.’ आता मात्र तिचे हात थांबले. तिनं कुंदाकडे नीट बघितलं, म्हातारे, पाणावलेले डोळे बारीक करून. ‘आनि तू बी काही बोलनी नही वं. नऊ वरीस. मी म्हनं, बसनं व्हई.’

बसलं असेल. ती तसं समजून चालली होती आणि कुंदा तशी समजूत होऊ देत आली होती. कुंदा आत गेली, स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, उद्याही सुटी टाकावी, अमळनेरची गाडी पकडावी आणि आईला विचारावं. पण आई काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. ‘मग काय झालं?’ म्हणेल, आणि जेवायला वाढेल. तिला ते दिवस आठवले. आधीची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती. वय चोविसाच्या पुढं गेलं होतं. एकदा आई बाबांना हळूच म्हणाली होती, आता जे येईल त्याच्यापुढं आपण काही मागायचं नाही. माप पाठवणं हेसुद्धा तिला मागणं वाटलं असेल. आमच्या मुलीचे खांदे अमुक इतके, एवढंसुद्धा कळवायचं धाडस झालं नसेल, न जाणो तेवढ्यावरून बिनसलं तर? ज्या बाईनं चार पोरांच्या फ्रॉकांत चार चार बोटं कापड आत ठेवलं तिनं मुलीला आख्खीच्या आख्खी कुणाच्या तरी शिवणीत सोडून दिलं होतं. राग यायला हवा होता. तो आला तर त्याला कुठं ठेवायचं हे तिला कळेना. इकडून तिकडं, तिकडून इकडं, तो तिच्या आत येरझारा घालत राहिला. चहा उतू गेला.

संध्याकाळी देवचंद आयटीआयमधून आला, हातपाय धुऊन बसला. कपात चहा ओतत कुंदानं त्याच्याकडे न बघता विचारलं, ‘तुम्हांला मी मागून कशी दिसते?’

‘म्हणजे?’

‘मागून. पाठमोरी. कुणासारखी?’

देवचंद सरळ माणूस होता, लेथवर लोखंड कापायला शिकवणारा. सुताएवढा फरक बोटाला कळतो त्याच्या, असं पोरं म्हणायची. तो विचारात पडला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. कधी काळी तसं वाटलं असेल, आणि त्यानं ते स्वतःपासूनही लपवलं असेल. ‘आता तसं...’ तो म्हणाला, ‘तू म्हणजे तूच दिसतेस. तो खांदा सारखा ओढतेस त्यावरून लांबूनसुद्धा कळतं.’

‘तो का ओढते, कधी विचारलं नाही तुम्ही.’

‘मला वाटायचं, सवय आहे तुझी.’ तो ओशाळला. ‘नव्हती?’

आतून उत्पलाच्या नाचाची चाल ऐकू येत होती, पायांचे ठेके फरशीवर. कुंदानं मान हलवली. ते हो होतं की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

रविवारी सकाळी ती जांभळा ब्लाउजपीस घेऊन निघाली. उत्पला मागं लागून बरोबर आली. लोटनचं दुकान देवपुरातच, पिठाच्या गिरणीला लागून होतं. त्यामुळं तिथं कापडावरही पिठाची बारीक भुकटी असायची आणि सगळं दुकान गिरणीबरोबर थरथरायचं. लोटन मशीनवर होता, त्याची बायको मंदाबाई खाली सतरंजीवर बसून हुक लावत होती. लोटननं ब्लाउजपीस उलगडून बघितला आणि हात पुढं केला. ‘मापाचं?’

‘आणलं नाही.’

‘मग नंतर आणून द्या. घाई नाही.’

‘नंतर पण नाही आणणार,’ कुंदा म्हणाली. आपला आवाज गिरणीच्या वर जातोय हे तिच्या लक्षात आलं. ‘अंगावरून माप घ्यायचंय. माझ्या.’

लोटननं चष्मा वर केला, बायकोकडे बघितलं. मंदाबाईनं दातांनी दोरा तोडला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि खुंटीवरची फीत गळ्यात घालून कोपऱ्यातला पडदा सारला. ‘या,’ ती म्हणाली.

पडद्यामागं कापडाच्या गठ्ठ्यांमधून जेमतेम दोघी मावतील एवढी जागा होती. कुंदानं पदर खाली घेतला. हात बाजूला करून उभं राहायचं होतं, पण हात कसे धरायचे, किती दूर, हे तिला येईना. तिनं ते एकदा फार वर घेतले, मग फार खाली. मंदाबाईची बोटं कोमट होती. तिनं खांद्याच्या टोकापाशी अंगठा टेकवला, फीत आडवी पाठीवरून नेली आणि बाहेर आकडा सांगितला.

‘किती?’ बाहेरून लोटन.

तिनं तोच पुन्हा सांगितला.

‘इतकाच? त्यांचा तर चांगला...’

‘इतकाच आहे. लिहा.’ मंदाबाईनं कुंदाकडे बघून भुवई उडवली. मग दंड मोजला, तो आकडा मोठा निघाला, आणि बाहेर लोटननं तो तसाच लिहून घेतला. कुंदाला घाम फुटला होता. एकेक आकडा बाहेर जात होता, दुकानात, गिरणीच्या आवाजात, आणि तिथं उत्पला स्टुलावर बसून ते ऐकत होती. आपण असे आहोत. इथं इतके, तिथं तितके. यातलं काहीच कशाशी जुळणारं नाही. पदर घेऊन पळून जावं असं तिला वाटलं. त्या जुन्या चौकोनी गळ्यात निदान लपता तरी येत होतं.

‘गळा कसला करायचा मागं?’ मंदाबाईनं विचारलं.

गळा कसला हवा, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ‘मला... माहीत नाही,’ कुंदा म्हणाली. ‘गोल करा. नाहीतर थांबा. नंतर सांगते.’

‘सांगा निवांत.’ मंदाबाईनं फीत काखेखालून मागं नेली, पुढं आणून छातीवर दोन्ही टोकं जुळवली, आणि तशीच थांबली. ‘श्वास धरू नका.’

‘नाही धरला.’

‘धरलाय, बाई. अशानं चुकतं. मग घट्ट होईल, आणि मला बोल लावाल.’

कुंदानं सोडायचा प्रयत्न केला. सोडला असं तिला वाटलं. पण आत, फासळ्यांच्या मागं, काहीतरी अजून आवळून बसलं होतं, ते कधीपासून तसं आहे हे तिला आठवेना. कदाचित वाढत्या अंगाच्या फ्रॉकात तिनं ते फुगवून धरलं असेल, नाहीतर त्या पाच पोलक्यांत आत ओढून घेतलं असेल. ते सोडायचं कसं हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

‘काय झालं?’ बाहेरून लोटननं विचारलं. ‘किती?’

मंदाबाईनं फीत बोटभर सैल केली, दोन्ही टोकं नुसती चिमटीत धरली आणि कुंदाच्या तोंडाकडे न बघता, पडद्याकडे बघत उभी राहिली. गिरणी चालू होती. गठ्ठे थरथरत होते. बाहेर उत्पला कुणाशी तरी हसून बोलली. कुंदाची नजर पडद्याच्या एका फाटलेल्या धाग्यावर खिळली, आणि केव्हा, ते तिलाही कळलं नाही, पण तिचा ऊर हळूहळू खाली आला, फार खाली, आणि तिथून मग कुणाला न विचारता, जेवढा जायचा तेवढा, वर गेला.

‘हां,’ मंदाबाई म्हणाली, आणि टोकं जुळवून मोठ्यानं आकडा सांगितला.